मंदाताईंचे भाऊसाहेब

मंदाताईंना 'काय म्हणता, कसं काय?' असं सहज विचारलं, की त्या दोनशे वर्षांपूर्वीची खुशाली सांगतात. ज्याला हे माहीत नसतं त्याची फजिती होते. माझी झाली.

आम्ही हायडेलबर्गच्या या इमारतीत नुकतेच राहायला आलो होतो. तळघरात सगळ्या बिऱ्हाडांची कपडे धुण्याची मशिनं आहेत. तिथं मी फोनवर आईशी बोलत मशिनातले कपडे काढत होते. शेजारी लोकरीची टोपी घातलेल्या, पन्नाशी उलटलेल्या एक बाई चादरीच्या घड्या घालत होत्या. माझं मराठी ऐकून त्यांनी घडी अर्धवट सोडली. "पुण्याच्या का? मी सांगलीची. मंदा. तिसऱ्या मजल्यावर." परदेशात एवढी ओळख पुष्कळ होते. मी विचारलं, कसं काय, बरं चाललंय ना इथं.

त्यांनी सुस्कारा सोडला. "कसलं बरं. वहिनींना परत दिवस गेलेत. आधीच्या पोरांचं खोकणं थांबत नाहीये, त्यात हे. आणि भाऊसाहेब निघालेत इटलीला."

मी हादरले. कुठल्या दवाखान्यात नाव घातलंय, विमा आहे ना, असं काहीबाही विचारलं. "कसला विमा," मंदाताई म्हणाल्या, "सुईण येते ती सुद्धा पलीकडच्या गावाहून." घरी येऊन मी हे नवऱ्याला सांगितलं. जर्मनीत इतकी हलाखीची परिस्थिती कुणाची असेल, हे त्याला पटेना. पण आमच्या इराचे लहानपणचे चांगले कपडे पेटीत पडून होतेच. एक पिशवी भरून मी तिसऱ्या मजल्यावर गेले.

मंदाताईंनी एकेक झबलं बाहेर काढून पाहिलं. मग त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि त्यांच्या लक्षात आलं.

"अगं, ते बाळ पुढं जंगलखात्यात अधिकारी झालं," त्या म्हणाल्या. "सत्तरी ओलांडून गेलं. त्याची कबर मी पाहिलीये."

मग चहा झाला आणि सगळा उलगडा झाला. मंदाताई एका संस्थेत काम करतात. तिथं एका जुन्या जर्मन कवीची आणि त्याच्या घरच्यांची सगळी पत्रं जुळवून, टिपा देऊन छापायचं काम कित्येक वर्षं चालू आहे. कवी त्या काळातला, म्हणजे चांदणं, जुने किल्ले, निळी फुलं आणि दूरदेशीची ओढ यांवर ज्यांचा संसार चालायचा त्या पिढीतला. शाळेच्या पुस्तकात त्याच्या कविता आहेत. गावात त्याच्या नावाचा रस्ता आहे. मंदाताई त्याला नावानं हाक मारत नाहीत, भाऊसाहेब म्हणतात. त्याची बायको योहाना, ती वहिनी. त्याची आई, थोरल्या बाई. हे त्या गमतीनं म्हणत नाहीत. इतकी वर्षं रोज ज्यांची पत्रं वाचायची त्यांना नुसतं नावानं संबोधणं त्यांना बरं वाटत नाही, एवढंच.

त्या काळातलं जर्मन हस्ताक्षर आपल्या मोडीसारखं असतं. तिरकं, एकाला एक चिकटलेलं, आणि आजच्या जर्मन माणसाला त्यातलं अक्षर लागत नाही. त्यात कागद महाग, म्हणून आडवं लिहून झालं की तोच कागद फिरवून त्यावर उभं लिहायचं. मंदाताई ते वर्तमानपत्रासारखं वाचतात. आमच्या इमारतीतल्या लोकांना आजी-पणजीची जुनी पत्रं माळ्यावर सापडली, की ती घेऊन तिसऱ्या मजल्यावर जातात, आणि सांगलीच्या मंदाताई त्यांना त्यांच्याच पणजीचं म्हणणं समजावून सांगतात. पणजीच्या बाजूनं चार शब्द जास्तच सांगतात.

या धंद्याचा त्यांच्या बोलण्यावर परिणाम झालाय. त्यांचं जर्मन शुद्ध आहे, पण जुनं आहे. बेकरीत पाव मागताना त्या एखाद्या सरदाराच्या दिवाणजीला अर्ज करावा तशी वाक्यं बोलतात. काउंटरवरची मुलगी आधी हसायची. आता ती मागच्या गिऱ्हाइकाला म्हणते, थांबा, यांचं वाक्य पूर्ण होऊ द्या.

तर भाऊसाहेब. मंदाताईंना भाऊसाहेब आवडत नाहीत. कवी म्हणून त्यांच्याबद्दल कुणी काही विचारलं तर "असतील" एवढंच उत्तर येतं. त्यांचा सगळा जीव वहिनींवर. वहिनी पत्रात लिहितात, लाकडं ओली निघाली, चूल धुमसते, थोरल्याचे बूट फाटलेत, थोरल्या बाई बोलायच्या थांबल्यात, कारण कळत नाही. त्यावर रोमहून भाऊसाहेबांचं उत्तर येतं, बदामाला मोहोर आलाय.

"मोहोर," मंदाताई मला म्हणाल्या होत्या. "जाळायचाय का तो?"

त्यांचं ठेवणीतलं वाक्य म्हणजे, "आणि बुटांचं काय?" हे त्या कुठंही वापरतात. आमच्या भारतीय मंडळाच्या बैठकीत एका गृहस्थांनी संस्कृतीवर लांबलचक भाषण केलं. ते संपल्यावर सगळे टाळ्या वाजवत असताना मंदाताईंनी शांतपणे विचारलं, "आणि बुटांचं काय?" त्या गृहस्थांनी घाबरून स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

कामातही त्या हा पक्षपात लपवत नाहीत. पत्राखाली टीप लिहिताना एकदा त्यांनी लिहिलं होतं की येथे कवीचे वागणे बरे नाही. त्यांचे साहेब डॉक्टर ब्रांट यांनी ते खोडून समासात लिहिलं, कृपया ज़ाखलिश राहावे. ज़ाखलिश म्हणजे वस्तुनिष्ठ. मंदाताईंनी खालच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं, "मी वस्तूंबद्दलच बोलते आहे. बूट ही वस्तू आहे." डॉक्टर ब्रांट हे सभ्य गृहस्थ. त्यांनी तो कागद काचेत घालून आपल्या खोलीत लावलाय.

माझ्या सासूबाई पुण्याहून पहिल्यांदा आल्या तेव्हा मंदाताई त्यांना कवीचं घर दाखवायला घेऊन गेल्या. मीही बरोबर होते. घराचं आता छोटं संग्रहालय केलंय. सगळे प्रवासी वरच्या मजल्यावरची लिहायची खोली बघायला जातात, कारण तिथून नदी दिसते. मंदाताईंनी आम्हाला तिथं नेलंच नाही. त्या आम्हाला मागच्या दाराशी घेऊन गेल्या आणि विहीर दाखवली. मग विहिरीपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या पायऱ्या दाखवल्या. सासूबाईंनी पायऱ्यांकडे नीट बघितलं आणि विचारलं, "हिवाळ्यात लंगोट कुठं वाळवायच्या हो त्या?"

मंदाताईंचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत इतके विद्वान येऊन गेले, त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. माळ्यावर, धुराड्याच्या कडेला दोरी बांधून, असं त्यांनी सांगितलं, आणि त्या दोघी तिथंच उभ्या राहून लंगोट, गुटी आणि सासवा यांवर बोलत राहिल्या. संग्रहालय बंद व्हायची घंटा झाली तेव्हा आम्ही बाहेर पडलो. तेव्हापासून सासूबाई दरवर्षी येताना बॅगेत मंदाताईंसाठी मेतकूट आणतात. आमची इरा सासूबाईंशीही जर्मनमध्येच बोलते. मी आजीशी मराठीत बोल म्हणून तिच्या मागं लागते. सासूबाई म्हणतात, असू दे गं, मंदाताईंना तरी तिचं सगळं कळतंय.

गेल्या हिवाळ्यात मंदाताईंचं काहीतरी बिनसलं. त्या कामात कधी मागं पडत नाहीत, पण तेव्हा त्यांच्याकडचा पत्रांचा खंड रखडला. डॉक्टर ब्रांट यांनी दोनदा विचारलं. मंदाताई झालेल्या पत्रांतले स्वल्पविराम पुन्हा तपासत बसायच्या, सूची पहिल्यापासून लावायच्या, आणि पुढचं पत्र हातात घ्यायच्या नाहीत. मला जिन्यात भेटल्या तर खुशालीही सांगेनात. मी विचारलं, वहिनी कशा आहेत, तर म्हणाल्या, "आहेत अजून."

मग एका सकाळी त्या मला टपालपेटीपाशी भेटल्या. केस न विंचरलेले, पायात घरातल्या सपाता. मी जवळ गेले तशी त्या एक पाऊल मागं सरकल्या.

"शिवू नकोस," त्या म्हणाल्या. "वहिनी गेल्या. दहा दिवस सुतक आहे."

सुतक आमच्याकडे आजकाल कुणी फारसं पाळत नाही. मंदाताईंकडे देव्हाराही नाही, आणि देवाधर्माचं त्या कधी बोलल्याही नव्हत्या. त्यांनी ऑफिसातही तसंच कळवलं होतं, हे मला नंतर त्यांच्याकडूनच समजलं. घरातलं कुणी गेलं तर इथं झोंडरउरलाउब नावाची वेगळी रजा मिळते. मंदाताईंनी तिच्यासाठी अर्ज केला. डॉक्टर ब्रांट यांनी हळहळून विचारलं, कोण गेलं, नातं काय, आणि जमेल तेव्हा मृत्यूचा दाखला जोडा. मंदाताईंनी उत्तर पाठवलं की दाखला आपल्याच कपाटात आहे, चर्चच्या नोंदीची प्रत, डावीकडून दुसरा खण. दुपारी साहेबांचा फोन आला. ते म्हणाले की ही रजा मला देता येत नाही, नियमात बसत नाही. पण तुमची साधी रजा पुष्कळ साठली आहे, ती घ्या. आणि शेवटी ते म्हणाले की योहानाबद्दल मलाही वाईट वाटतं.

सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. संध्याकाळी भाजी निवडताना मी त्यांना हे सांगितलं. मला वाटलं त्या हसतील, निदान डोक्याला हात लावतील. त्यांनी विचारलं, "घरात चूल पेटवतायत का?" मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी निवडलेली मेथी बाजूला सारली, कुकर लावला, आणि भात-पिठलं डब्यात भरून वर निघाल्या. मला म्हणाल्या, चल.

मंदाताईंनी दार उघडलं. सासूबाई शिवायचं-बिवायचं न बघता सरळ आत जाऊन बसल्या. टेबलावर काम काहीच नव्हतं. एरवी तिथं पत्रांच्या छायाचित्रांचे गठ्ठे असतात.

"कशानं गेल्या?" सासूबाईंनी विचारलं.

मंदाताईंनी सांगितलं. तापानं. चार-पाच दिवसांचं दुखणं. आधीच्या आठवड्यातल्या पत्रात वहिनींनी फक्त एवढं लिहिलं होतं की जरा कसकस आहे, काळजीचं कारण नाही, आणि धाकट्यासाठी जमलं तर टोपी आणा. भाऊसाहेब त्या वेळी नेपल्सकडे होते. त्यांना कळेपर्यंत दोन आठवडे गेले. ते आले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. मग त्यांनी एक कविता लिहिली आणि ती फार गाजली.

"वहिनी कधी जाणार ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, काकू," मंदाताई म्हणाल्या. "तारीख पाठ आहे. पण पत्रं एकेक करत यायचं असतं. ते टोपीचं पत्र समोर आलं आणि मला पुढं जाता येईना."

मी म्हटलं, भाऊसाहेब तेव्हा तरी घरी हवे होते. मंदाताईंना नेहमी पटेल असंच मी बोलले होते. पण त्यांनी मान हलवली.

"त्यांना कळलंच नव्हतं गं. घोड्यावरचं टपाल, डोंगरात बर्फ. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही." मग त्या टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. "मला फोन आला होता."

सासूबाईंनी आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

मंदाताईंनी सांगितलं ते असं. आम्ही या इमारतीत यायच्या आधीची गोष्ट. सांगलीला त्यांची आई बरेच दिवस अंथरुणाला खिळून होती. धाकटा भाऊ सुधीर बघत होता. एका पहाटे त्याचा फोन आला, आई गेली. दुसऱ्या दिवशी संस्थेत मंदाताईंची मुलाखत होती. हंगामी नोकरी पक्की होणार की जाणार, हे त्यावर ठरायचं होतं. सुधीर म्हणाला, ताई, तू येईपर्यंत आम्ही थांबवू शकणार नाही, येऊन आता काय करणार आहेस. त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण मंदाताईंनी ते मानलं आणि मुलाखतीला गेल्या. नोकरी पक्की झाली. ऑफिसात त्यांनी कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी पेढ्यांच्या ऐवजी केक कापला गेला, तोही त्यांनी खाल्ला.

"नंतर जाऊन आले," त्या म्हणाल्या. "पण तेव्हा घरात सगळे हसत-खेळत होते. मी एकटी कशी रडणार? आणि सुधीरशी त्यानंतर दिवाळीला बोलते, तेवढंच. मी कसा आहेस विचारलं की तो बरा आहे म्हणतो. मीही बरी आहे म्हणते."

सासूबाईंनी डबा उघडला, ताटलीत पिठलं-भात वाढला आणि तो त्यांच्यापुढं सरकवला. मंदाताई जेवल्या. भूक लागली असणार. जेवण झाल्यावर सासूबाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "दहा दिवस धरलेत ना, मग तेराव्याला गोडाचं करायला हवं. आईंना काय आवडायचं?"

मंदाताईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. वहिनींना वाळलेल्या पेअरची खीर आवडायची, थोरल्या बाईंना खारवलेला मासा चालायचा नाही, भाऊसाहेब कॉफीत काय घालायचे, हे सगळं त्या झोपेतही सांगतील. पण या प्रश्नावर त्या अडल्या.

"आठवत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "बाबांचं आठवतं. आईचं नाही आठवत."

"भावाला विचारा की," सासूबाई म्हणाल्या.

"आता?"

"तेराव्याला विचारा. तोवर आठवलं तर उत्तमच."

त्यांना आठवलं नाही. तेराव्या दिवशी आम्ही दोघी सकाळीच वर गेलो. मंदाताई न्हाऊन बसल्या होत्या, लोकरीची टोपी खुंटीला होती. त्यांनी फोन लावला आणि हात मोकळे राहावेत म्हणून स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. सुधीरचा आवाज आला, "ताई? काय झालं?" दिवाळी नसताना फोन आला म्हणजे काहीतरी झालं असणार, हे त्यानं गृहीतच धरलं होतं.

मंदाताईंनी इकडचं तिकडचं न बोलता सरळ विचारलं, आईला गोडाचं काय आवडायचं.

"खपली गव्हाची खीर," तो लगेच म्हणाला.

"ती बाबांना आवडायची. आईला पुरणाची दिंडं."

"दिंडं तुला आवडायची. तू हट्ट करायचीस म्हणून नागपंचमी नसतानाही करायची ती."

यावर दोघं भांडायला लागली. मंदाताईंनी कुठल्याशा श्रावणातला दाखला दिला. सुधीरनं तो खोडून काढला. तुला काही कळत नाही, तू तेव्हा किती लहान होतास, असं त्या म्हणाल्या. आमच्याशी त्या इतक्या मोठ्यानं कधी बोलल्या नव्हत्या. सासूबाईंनी मला खूण केली. मी खाली उतरून कोपऱ्यावरच्या सेंद्रिय मालाच्या दुकानात गेले. खपलीला इथं एमर म्हणतात, हे मंदाताईंनीच एकदा सांगितलं होतं. मी येईपर्यंत भांडण चालूच होतं. मी कांडून सालं काढलेला एमर मिळतो तो आणला, म्हणून फार भिजवायची गरज नव्हती. सासूबाईंनी तो कुकरला लावला.

गहू शिजून भांड्यात आला तेव्हा सुधीर म्हणाला, "ताई, गूळ विरघळल्यावर नारळाचं दूध शेवटी घाल आणि मग उकळी आणू नकोस. फुटेल."

"तुला रे काय माहीत?"

"शेवटी शेवटी मीच करून घालत होतो ना तिला. दुसरं काही जायचं नाही."

मंदाताईंच्या हातात पळी होती. ती थांबली.

"खायची?" त्यांनी विचारलं.

"थोडी खायची. आधी एक वाटी काढून झाकून ठेवायला लावायची. मंदी येईल म्हणायची, गरम करून दे तिला." तो पुढं म्हणाला, "रोज लावायची."

इतक्या लांबून सुधीरच्या घरातल्या पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"मग ती वाटी?" मंदाताईंनी विचारलं.

"मी खायचो संध्याकाळी. टाकून थोडीच देणार? पाच किलो वाढलो त्या वर्षी."

मंदाताई एकदम हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू आलं, आणि ते थांबेना. मी पुढं होणार होते, पण सासूबाईंनी माझा हात धरून मला मागं ओढलं. सुधीर तिकडून ताई, ताई म्हणत होता. मग त्याचाही आवाज बंद झाला आणि नाक ओढल्याचा आवाज आला. फोन दोघांनीही ठेवला नाही.

सासूबाईंनी भांड्यात डोकावून पाहिलं. "ढवळा हो," त्या म्हणाल्या, "खाली लागेल."

मंदाताईंनी फोन उचलून कानाशी धरला आणि दुसऱ्या हातानं त्या खीर ढवळायला लागल्या.